आणखी एक विहीर

“तुझं काम एकच,” मॉरीन म्हणाली. “मध्ये उभं राहायचं आणि तोंड बंद ठेवायचं.”

मध्ये उभं राहणं जमण्यासारखं होतं. सारा जन्म मालवाहू जहाजांवर स्वयंपाकी होतो मी. भुकेलेले खलाशी आणि करपलेली डाळ यांच्यामध्ये जो उभा राहिलाय, तो कोणाच्याही मध्ये उभा राहील. पण मला तोंड बंद ठेवायला सांगणं म्हणजे कोंबड्याला, उजाडलंय हे कोणाला कळू देऊ नकोस, असं बजावण्यापैकी होतं.

“वसाहतवाले आले तर फोन काढून चित्रण करायचं,” ती पुढे म्हणाली. “सैनिक आले तर पासपोर्ट दाखवायचा. वाद नाही, शिवी नाही, विनोद नाही. कमलाकर, विनोद तर मुळीच नाही.”

“हसलो तर चालेल?”

“दात न दाखवता.”

मॉरीन आयर्लंडची. आयुष्यभर नर्स होती आणि अजूनही सगळ्या जगाला खाटेवर पडून राहायला सांगावं अशा सुरात बोलायची. दर ऑक्टोबरला ती पदरमोड करून पॅलेस्टाइनला यायची, वेस्ट बँकमधल्या याच गावात, आणि ऑलिव्ह उतरवून होईपर्यंत राहायची.

काम काय, ते सांगतो. डोंगराचा उतार, दगडी बांध घालून केलेल्या पायऱ्या, पायरीपायरीवर ऑलिव्हची झाडं. खाली गाव. आणि वर, अगदी डोक्यावर, इस्राएली वसाहतवाल्यांची पांढरी पत्र्याची घरं, खोकी मांडावीत तशी ओळीत मांडलेली. फळ उतरवायची वेळ झाली की तिथून माणसं खाली यायची, दगड मारायची, भरलेली पोती उलटी करायची. म्हणून आमच्यासारखे जगभरचे रिकामटेकडे तिथे जमायचे. गावकऱ्याचं डोकं फुटलं तर कोणी विचारत नसे. पण आयरिश नर्सचं किंवा अलिबागकडच्या म्हाताऱ्याचं फुटलं, तर कुठल्यातरी वकिलातीत कोणालातरी अर्धा चहा टाकून उठावं लागलं असतं. आमची किंमत त्या अर्ध्या चहाएवढी. पण पुष्कळदा ती पुरायची.

बाकीचे न्यायासाठी, शांततेसाठी वगैरे आले होते. मी आलो होतो नबीलची थाप पकडायला.

नबील आमच्या जहाजावर इंजिनिअर होता. जहाजावर प्रत्येक जण आपलं घर मोठं करून सांगतो. मी सांगायचो, आमच्या आक्षीला भरतीच्या वेळी चुलीवर नुसता तवा ठेवायचा, बोंबील आपणहून येतात. नबील शांतपणे ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, “माझ्याकडे एक झाड आहे.” त्या झाडाचं खोड म्हणे चार माणसांच्या कवेत येत नव्हतं. ढोली एवढी, की तुर्कांच्या राज्यात सैन्यभरती चुकवायला त्याचा आजा सबंध हिवाळा तिच्यात राहिला होता. तिथेच चहा करायचा म्हणे. धूर फांद्यांतून बाहेर यायचा, आणि तुर्क समजायचे धुकं आहे.

“धुकं,” मी म्हणायचो. “चहाच्या वासाचं.”

“येऊन बघ.”

“येतो.”

हे आमचं किती बंदरांवर झालं असेल. निवृत्त झाल्यावरही तो फोनवर म्हणायचा, येऊन बघ. मी म्हणायचो, येतो. मग एक दिवस त्याच्या मुलाचा फोन आला आणि ‘येतो’ हा शब्द माझ्या तोंडातच राहिला.

नबीलच्या बायकोला सगळे उम्म जरीर म्हणायचे, म्हणजे जरीरची आई. मी तिला वहिनी म्हणायचो. अर्थ सांगितल्यावर तिला तो शब्द आवडला. ठेंगणी, रुंद हातांची बाई. झाडाची फांदी अशी ओढून घ्यायची, जणू शाळेतून आलेल्या नातीचे केस विंचरायचेत. माझी अरबी बंदरातली, कांदे विकत घेण्यापुरती आणि भांडण्यापुरती. तिचं इंग्रजी नबीलकडून उचललेलं. आमचं बरं चालायचं.

त्या सकाळी वहिनी, जरीर, त्याची बायको, मॉरीन आणि मी सगळ्यांत वरच्या पायरीवर होतो; बाकीचे खालच्या पायऱ्यांवर. ती पायरी वसाहतीच्या तारेला लागून. तिथे जायला लष्कराची परवानगी लागायची, आणि ती वर्षातून दोन-तीन दिवस मिळायची. आदल्या वर्षी पहिल्याच सकाळी सगळ्यांना हाकललं होतं आणि फळ झाडावरच सुकून गेलं होतं. या वर्षीचा आजचा दिवस शेवटचा. आज उतरलं तर घाण्यावर जाणार, नाहीतर पाखरांना.

“गेल्या वर्षी आम्ही विकतचं तेल खाल्लं,” वहिनी मला म्हणाली होती. घरात कोणाला लपवण्यासारखा आजार झाल्यासारखं, हळू आवाजात. “तो गेला, आणि त्याच्या झाडाचं तेल घरात आलंच नाही.”

ते झाड पायरीच्या पार टोकाला होतं, तारेपाशी. चहाला बसलो तेव्हा मी विचारलं, “वहिनी, तेच ना? ढोलीत आजा राहायचा ते?”

ती चहात हसली. “त्याचा आजा? तो दारातून आडवा होऊन आत यायचा. त्या ढोलीत त्याचा एक पाय मावला असता तर पुष्कळ.”

“म्हणजे थाप.”

“आजा थाप,” ती म्हणाली. “झाड खरं.”

खरं होतं. नबीलने खोड जरा वाढवून सांगितलं होतं. चार नाही, तीन माणसांच्या कवेत आलं असतं. पण मी त्याच्याकडे बघत राहिलो आणि थाप पकडल्याचा आनंद काही झाला नाही. एवढ्या लांब येऊन ज्याला ‘पकडला बघ’ म्हणायचं, तोच नव्हता.

जरीर म्हणत होता, ते झाड आधी उतरवून घेऊ. बिचाऱ्याचं बरोबर होतं. पण वहिनीने ऐकलं नाही. त्यांच्या घरात मोठं झाड नेहमी शेवटी. आधी बाकीची उरकायची, मग सगळ्यांनी मिळून त्या झाडाखाली ताडपत्री पसरायची, आणि ते रिकामं झालं की तिथेच बसून जेवायचं. नबीलच्या बापाच्या वेळेपासून तसंच.

“आई, आज परवानगीचा दिवस आहे, लग्न नाही,” जरीर म्हणाला.

“तुझ्या बापाचं झाड शेवटी,” ती म्हणाली. “नेहमी शेवटी.”

जरीरने माझ्याकडे पाहिलं. मी दात न दाखवता हसलो.

निम्मी पायरी झाली असेल नसेल, वरून दोन तरुण आले. बरोबर एक कुत्रा. त्यांनी दगड मारले नाहीत. तारेपलीकडे उभे राहून फोनवर बोलले आणि आमच्याकडे बघत थांबले. ते मला दगडांपेक्षा वाईट वाटलं. थोड्या वेळाने खाली रस्त्यावर जीप थांबली, तशी ते कुत्र्याला घेऊन वर निघून गेले.

दोघे सैनिक चढून आले. अधिकारी पोरगेलासा, चष्मेवाला, आमच्या आक्षीच्या पोस्टात शोभला असता असा. त्याने फोनवरचा नकाशा दाखवला. हा भाग बंद लष्करी क्षेत्र जाहीर झालाय, सगळ्यांनी ताबडतोब खाली जायचं.

“आजची परवानगी आहे,” मॉरीन म्हणाली.

“होती,” तो म्हणाला.

मॉरीनने त्याला खाटेवर पडलेल्या रोग्याकडे बघावं तसं पाहिलं आणि विचारलं, हा हुकूम कोणी दिला, कधी दिला, त्याचं नाव काय. तो म्हणाला, जीपमधून वरिष्ठांना विचारतो, पासपोर्ट घेऊन चला. ती आमच्या दोघांचे पासपोर्ट घेऊन त्याच्याबरोबर उतरली. जाताना मला म्हणाली, “कमलाकर. तोंड.”

मागे राहिला दुसरा सैनिक. चाळिशीचा, पोट सुटलेला, राखीव दलातला. वर्षातून काही दिवस वर्दी चढवून आणतात त्यांपैकी. अधिकाऱ्याने त्याला हिब्रूत काहीतरी सांगितलं. अर्थ उघड होता, यांना खाली घेऊन ये. तो हात हलवत अरबीत म्हणाला, चला, चला, आवरा.

जरीरने आईकडे पाहिलं. वहिनी फांदीवरून हात ओढतच होती. पुढे अजून झाडं होती, आणि सगळ्यांच्या शेवटी ते.

मी तोंड बंद ठेवलं होतं. शपथेवर सांगतो. ओठ मिटलेलेच होते. पण आतल्या आत बोललेलं कधीकधी माझ्या नकळत बाहेर येतं. “एक दिवस थांबला असतात तर काय तुमचं जात होतं रे मेल्यांनो,” मी पुटपुटलो. “हगवण लागो त्या तुझ्या साहेबाला.”

सैनिक गर्रकन वळला.

“साहेबला लागू दे,” तो मराठीत म्हणाला. “मला नको. माझा पोट आधीच ठीक नाय.”

माझ्या आयुष्यात मी फार ठिकाणी फार गोष्टी बघितल्यात, त्यांतल्या काही खऱ्याही आहेत. पण त्या वेळी माझ्या हातातली बादली पडली.

“तुला मराठी येते?”

“आजीची मराठी. किचनची.” तोही माझ्याइतकाच चक्रावला होता. “तू कुठला?”

“आक्षी. अलिबागजवळ.”

“चौल म्हाईत?”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बेने इस्राएल. आमच्या अलिबाग-रेवदंड्याकडची, शेकडो वर्षं राहिलेली ज्यू माणसं. गावोगाव तेलाचे घाणे चालवायची आणि शनिवारी घाणा बंद ठेवायची, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणायचे. मी शाळेत होतो तेव्हा घरंच्या घरं बोटीत बसून इस्राएलला निघून गेली. माझ्या शेजारचा बाक एका उन्हाळ्यात रिकामा झाला तो झालाच.

“चौल माहीत आहे का विचारतोस?” मी म्हणालो. “चौलमध्ये अशी बोळ नाही जिथे मी पडलो नाही.” खरं म्हणजे चौलला मी एसटीतून जाता-येता काय गेलो असेन तेवढाच.

त्याचं नाव ओरेन. आजी दिमोनाला, वाळवंटातल्या गावात. नव्वदीला टेकलेली. “रोज चौल, चौल,” तो म्हणाला. “मुलांना चौल, डॉक्टरला चौल. चौलकडचा माणूस भेटला नि मी फोन नाय केला, तर मला जेवायला नाय देणार.” त्याने खिशाकडे हात नेला आणि मग त्याला वर्दी आठवली. “आधी सगळे खाली. मग फोन.”

“खाली रेंज नाही,” मी म्हणालो.

हे मी ठोकून दिलं. पण पुढे कळलं की खाली खरंच नसायची. असं माझं होतं कधीकधी.

ओरेनने फोन काढून इकडेतिकडे धरला. बांधाच्या कोपऱ्यात, दरीकडे तोंड केलं की तिथे रेंज चांगली होती. तो तिथे उभा राहिला, पाठ झाडांकडे. मी त्याच्या शेजारी. फोनचा आवाज त्याने मोठा केला. वहिनीने एकदा आमच्याकडे पाहिलं. मग जरीरला आणि सुनेला मानेने खूण केली आणि ती तिघं पुढच्या झाडाला भिडली. कोणी बोलत नव्हतं. ताडपत्रीवर टपटप फळ पडत होतं.

पलीकडून हिब्रूत हाक आली, मग ओरेन काहीतरी बोलला. मग मराठीत:

“कोणाचा रे तू?”

किती वर्षांनी कोणी मला हे विचारत होतं. गावातल्या विचारणाऱ्या बायका एकेक करून संपल्या.

“दामू म्हात्र्याचा, मावशी. आक्षीचा.”

“म्हात्रे? मिठागरवाले की होडीवाले?”

“होडीवाले.”

“तरीच आवाज मोठा. मी सेगुलाबाई. चेऊलकरांची.” तिने श्वास घेतला. “हा आवाज कसला येतोय? पाऊस पडतोय का तिथं?”

“पाऊस नाही. ऑलिव्ह पडतायत ताडपत्रीवर.”

“कोणाचे?”

मी ओरेनकडे पाहिलं. तो दरीकडे बघत होता. माझ्याकडे चारपाच उत्तरं तयार होती, सगळी एकाहून एक सरस. पण कोणास ठाऊक का, त्या आवाजापुढे खरंच बोललो.

“एका विधवा बाईचे आहेत. आज उतरवून झाले नाहीत तर राहिले. तुमचा नातू तिला थांबवायला आलाय.”

ओरेनची मान खाली गेली. “आजी, मी थांबवत नाय,” तो म्हणाला, “हुकूम आहे.”

“तू गप,” ती म्हणाली. “मोठी माणसं बोलतायत.” आणि मग मला, “आज उतरवलेलं आजच घाण्यावर नेतात का रे तिथं?”

“आजच, मावशी. फार तर उद्या.”

“नेलंच पाहिजे. पडून राहिलं की तेल खवट.” मग एकदम म्हणाली, “मला सांग, आमची वाडी बघितलीयस का तू, चौलची? तळ्याच्या अंगाची?”

मी बापजन्मात बघितली नव्हती.

“वाडी? चेऊलकरांची? ती न बघता चौलमधून बाहेर कसा पडेल माणूस.”

“विहीर आहे?”

“आहे ना. पाणी असं की वाकून बघितलं तर आपण दहा वर्षांनी लहान दिसतो.”

“रहाट?”

“चालू. कुरकुरतो मात्र. आक्षीला ऐकू येतो.”

“कुरकुरायचाच तो,” सेगुलाबाई म्हणाली. “आणि विहिरीच्या कडेची बकुळ?”

“तिच्या फुलांनी दरवर्षी पायवाट बुजते. ग्रामपंचायतीने तक्रार केलीय.”

ओरेन हसला. सगळं त्याला कळत नव्हतं, पण आजीचा आवाज त्याला कळत होता. मी तिरक्या नजरेने मागे पाहिलं. एक झाड झालं होतं. ताडपत्री ओढून पुढच्या झाडाखाली पसरत होते. जरीरने शिडी आवाज न करता उचलली, झोपलेलं मूल उचलावं तशी.

“फणस?” सेगुलाबाई विचारत होती. “भिंतीवरून शेजारी वाकलेला?”

“मावशी, त्या फणसाचं काय सांगू. गेल्या वर्षी एक फणस शेजाऱ्याच्या छपरावर पडला. शेजाऱ्याने छप्पर दुरुस्त केलं नाही. त्या भोकाखालीच फणस ठेवून त्यात भाडेकरू घेतलाय.”

“विहिरीत कासव होतं.”

“आहे अजून.”

“केवढं झालंय?”

“बायका त्याच्या पाठीवर कपडे धुतात. साबण लागला की शिंकतं.”

ती हसायला लागली. सुक्या नारळात पाणी हलावं तसं बारीक हसू. मग म्हणाली, “माझा झोपाळा होता आंब्याला. उत्तरेकडच्या आंब्याला.”

इथे मात्र माझी जीभ जरा अडखळली. थाप मारताना समोरच्याला त्यातली मजा हवी असते, तोवर बरं चालतं. त्या झोपाळ्यापाशी मात्र तिचा आवाज बदलला होता. लांबून कोणाला तरी हाक मारल्यासारखा.

“आहे,” मी म्हणालो. “दोर नवे आहेत. पाट तोच.”

“कोण बसतं?”

“कोणी नाही, मावशी. वारा बसतो. तुमची जागा म्हणून लोक ठेवतात.”

ओरेनने फोन कानाला लावला, हिब्रूत काही विचारलं, पुन्हा समोर धरला. आणि तेव्हा त्याने मागे वळून पाहिलं. जरीर शिडीवर होता. वहिनीचे दोन्ही हात फांद्यांत होते. तिघांनीही त्याला पाहिलं आणि तिघंही तशीच थांबली. मला वाटलं, संपलं.

ओरेन परत दरीकडे वळला. “आजी,” तो म्हणाला, “सुपारी पण होती ना? तू सांगते ती?”

सुपारीच्या रांगा झाल्या. पाटाचं पाणी झालं. नारळावर चढणारा एक हणम्या होता, त्याला मी अजून चढता ठेवला. त्याचं वय काय झालं असतं याचा मी हिशेब केला नाही, तिनेही केला नाही. उलट ती नवं नवं काढत गेली. वाडीत दुसरं एक छोटं तळं निघालं, तळ्यात कमळं निघाली. मी सगळ्याला ‘आहे’ म्हणत गेलो. मागे टपटप, टपटप चालू होतं. शेवटी मी वळलो तेव्हा त्यांनी ताडपत्री नबीलच्या झाडाखाली पसरायला घेतली होती.

आणि खालून अधिकारी आला. मागे मॉरीन, लाल चेहऱ्याची.

काय झालंय हे त्याला पोती बघूनच कळलं. तो ओरेनला मोठ्याने बोलला नाही. हळू बोलला, ते जास्त वाईट असावं. ओरेनने फोनमध्ये काहीतरी सांगितलं. फोनमधून सेगुलाबाईचा आवाज आला, “नंबर दे त्याला माझा. चौलला जाऊन ये म्हणावं.” अधिकारी बघत असताना ओरेनने पेन काढून माझ्या मनगटावर नंबर लिहिला. मग पेन खिशाला लावलं आणि पहिल्यासारखा अरबीत म्हणाला, चला, आवरा.

वहिनीने नबीलच्या झाडाच्या खोडाला हात लावला होता. अधिकारी नको म्हणाला. ती म्हणाली, हे एकच राहिलंय. तो नको म्हणाला. मॉरीन म्हणाली, हे एकच राहिलंय. तो नको म्हणाला. मी काही म्हणालो नाही. बोलायचं होतं तेवढं बोलून झालं होतं आणि ते एका झाडाने कमी पडलं होतं.

जरीर आईला म्हणू शकला असता, मी सांगत होतो आधी घेऊ. तो म्हणाला नाही. त्याने ताडपत्रीचं एक टोक धरलं, तिने दुसरं. रिकाम्या ताडपत्रीची घडी दोघांनी चादरीची घालतात तशी घातली, टोकाला टोक जुळवून.

संध्याकाळी घाण्यावर तेल आलं. हिरवंगार, जिभेला चुरचुरणारं. वहिनीने भाकरीचा तुकडा बुडवून पहिला मला दिला.

“वरच्या पायरीचं,” ती म्हणाली. “त्याचं नाही. पण त्याच्या शेजाऱ्यांचं.”

“पुढच्या वर्षी,” मी म्हणालो.

“येशील?”

“येतो.”

पुढच्या वर्षी मला विमानतळावरून परत पाठवलं. त्याच्या पुढच्या वर्षी व्हिसाचा अर्जच नाकारला. आता वय झालं. वहिनी ऑक्टोबरात गच्चीवरून फोन करते आणि डोंगराकडे धरते. झाड उभं असतं, भरलेलं. इतक्या लांबून फळ दिसत नाही, पण ती म्हणते, काळं झालंय, पडायला आलंय. त्याच्या तेलाची चव मला अजून माहीत नाही, आणि ती जे सांगते त्यातलं किती खरं हेही विचारावंसं वाटत नाही.

पण मी सांगत होतो ते त्याच वर्षीचं. मनगटावरचा नंबर मी परतीच्या वाटेवर अंघोळ टाळून जपला. मॉरीनने कागदावर उतरवून दिला होता, तरी. घरी आलो आणि दुसऱ्याच आठवड्यात चौलला गेलो. म्हटलं, एवढं सांगून बसलोय, बघून तर यावं. विहीर असेल, बकुळ असेल. निदान कासव.

तळ्याच्या अंगाने हिंडलो. चेऊलकर म्हटल्यावर कोणाला कळेना. शेवटी सायकलच्या दुकानाबाहेर बसलेल्या एका म्हाताऱ्याने मान वर केली.

“चेऊलकर? शनिवार तेल्यांपैकी? सेगुला म्हणून पोरगी होती त्यांची?”

“तीच. त्यांची वाडी कुठली?”

“वाडी?” तो माझ्याकडे असा बघायला लागला की थापाड्या मीच. “त्यांची कसली वाडी. घाणा होता, तोही भाड्याच्या पडवीत. बैलसुद्धा दुसऱ्याचा. ती पोर दिवसभर बैलामागे फिरायची गोल गोल.”

मी तिथून चालत रेवदंड्याच्या किनाऱ्याला आलो. वाळूत उलट्या घातलेल्या होडीवर बसलो आणि कागदावरचा नंबर लावला. तिनेच उचलला.

“मावशी, मी दामू म्हात्र्याचा. चौलला जाऊन आलो.”

“बघितलीस वाडी?”

समोर पाणी दूर गेलं होतं. “घाणा होता म्हणे,” मी म्हणालो.

“होता ना.” तिला जराही शरमल्यासारखं झालं नाही. “वाडी कुळकर्ण्यांची, समोर. आम्ही कुंपणातून बघायचो. झोपाळा लांबून दिसायचा. आत कधी गेले नाही मी. त्या दिवशी तुझ्याबरोबर गेले तेवढीच.”

“मग कासव?”

“ते मला तिथल्या तिथं सुचलं. तू विहिरीलाच एवढं रंगवलंस, म्हटलं हा माणूस कामाचा आहे, चालेल लांबपर्यंत. तेलाचं फळ पडताना कळतं रे मला. आवाजावरून कळत होतं, किती झालंय नि किती राहिलंय.” मग तिने विचारलं, “पुरं झालं का तिचं?”

“एक झाड राहिलं.”

पलीकडे तिने जीभ चुकचुकवली.

“मग आणखी एक विहीर काढायला हवी होती मी,” सेगुलाबाई म्हणाली.

मला बोलवेना. मला.

“ए, म्हात्र्या.”

“काय, मावशी?”

“आता एक खरं सांग. समुद्र आहे ना रे अजून?”

“आहे.”

“खरं?”

“समोरच आहे, मावशी.”

“मग ऐकू का येत नाही?”

ओहोटी होती. पाणी पार लांब, उन्हात चकाकणाऱ्या रेघेएवढं. मी चपला होडीपाशी काढल्या, फोन हातात पुढे धरला आणि ओल्या वाळूतून त्या रेघेकडे चालत सुटलो.